विजेवरचा स्मोकर तापत नाही : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ राहतो. आमच्याकडे मांस आणि मासे धुरावर शिजवण्यासाठी ८०० वॅटचा, डिजिटल पॅनेल असलेला विजेवरचा स्मोकर आहे. थंडीचे महिने तो मागच्या अंगणात आच्छादन घालून ठेवला होता. आता चालू केला, तर पॅनेलवर आकडे उमटतात, आतला दिवा लागतो, २२५ अंश फॅरनहाइट हे तापमानही ठरवता येते. पण अर्धा तास थांबले तरी पेटी थंडच राहते. कोणी सांगते एलिमेंट (आतली तापणारी नळी) बदला, कोणी सांगते कंट्रोलर (तापमान राखणारा भाग) बदला. दोन्ही मागवले, तर जवळजवळ नव्या स्मोकरइतका खर्च होईल. माझ्याकडे मल्टीमीटर आहे आणि घरातली साधी दुरुस्ती मी करतो. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आपण सुटे भाग मागवण्याआधी विचारले, हे फार चांगले केले. न तापणाऱ्या स्मोकरच्या बाबतीत बहुतेकांचा पैसा अंदाजाने भाग बदलण्यातच वाया जातो आणि पुष्कळदा मूळ दोष एखाद्या जळालेल्या जोडणीत असतो, जी दुरुस्त करायला फारच थोडा खर्च येतो. वीज प्लगपासून निघते, कंट्रोलरच्या रिलेमधून, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचमधून, जाते, तेथून अतितापापासून संरक्षण करणाऱ्या स्विचमधून एलिमेंटमध्ये पोचते आणि दुसऱ्या तारेने परत फिरते. हा मार्ग कोठे तुटला आहे, एवढेच आपल्याला शोधायचे आहे. पॅनेल उजळते आहे, म्हणजे वीज कंट्रोलरपर्यंत नक्की पोचते आहे. त्यामुळे भिंतीतला सॉकेट आणि मुख्य वायर यांच्यावर वेळ घालवू नये.

पहिली तपासणी स्क्रू न उघडता करता येते. सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये लावायचा छोटा वॉटमीटर मिळतो. तो लावून स्मोकरला २२५ अंशांवर चालू करावे. मीटरवर आठशेच्या आसपास आकडा आला, तर एलिमेंट तापते आहे आणि दोष विजेच्या मार्गाबाहेर, म्हणजे दाराची फट बंद करणाऱ्या गॅस्केटमध्ये किंवा तापमान मोजणाऱ्या प्रोबमध्ये आहे. आकडा केवळ काही वॅट आला, तर फक्त पॅनेल जागे आहे आणि एलिमेंटला वीज मिळत नाही. आपल्या वर्णनावरून दुसरी शक्यताच अधिक वाटते.

याच वेळी पॅनेलवर दिसणारे पेटीचे तापमान नीट वाचावे. रात्रभर बंद असलेल्या स्मोकरने बाहेरच्या हवेइतकेच तापमान दाखवले पाहिजे. पेटी थंड असताना पॅनेल जर ३०० अंश दाखवत असेल किंवा त्रुटीची खूण दाखवत असेल, तर प्रोब बिघडला आहे. कारण आत आधीच पुरेशी उष्णता आहे असे समजून कंट्रोलर एलिमेंट चालूच करत नाही. प्रोबवर चरबी आणि काजळी यांचा थर बसला असेल, तर तो कोमट साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या कापडाने पुसून घ्यावा. मात्र अशा थरामुळे प्रोब सहसा मंद होतो, पूर्ण बंद पडत नाही, हे लक्षात ठेवावे.

यापुढचे काम प्लग सॉकेटमधून बाहेर काढूनच करायचे आहे. पॅनेलवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण रिले बहुधा दोनपैकी एकच तार तोडतो आणि दुसरी तार तशीच जोडलेली राहते. एकशे वीस व्होल्टचा धक्काही जीवघेणा ठरू शकतो, विशेषतः ओल्या अंगणात अनवाणी उभे असताना. प्लग काढून तो आपल्या नजरेसमोर ठेवावा, म्हणजे घरातले दुसरे कोणी तो अजाणता पुन्हा लावणार नाही.

स्मोकरच्या मागे, तळाजवळ, एलिमेंटच्या जागी बहुतेक मॉडेलमध्ये छोटे झाकण असते. जुन्या काही मॉडेलमध्ये ते नसते आणि पूर्ण मागची पाठ रिव्हेट काढून उघडावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. झाकण काढल्यावर एलिमेंटच्या दोन पात्यांवर सरकवून बसवलेली दोन टर्मिनले दिसतील. तेथे आधी डोळ्यांनी पाहावे. तारेचे आवरण तपकिरी किंवा काळे पडले आहे का, टर्मिनल सैल झाले आहे का, हात लावताच ते तुटून येते का? माझ्या मते न तापणाऱ्या स्मोकरमध्ये सर्वाधिक वेळा दोष सापडतो तो येथेच. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ८०० वॅटचा स्मोकर १२० व्होल्टवर सुमारे ६.७ अँपिअर प्रवाह घेतो. टर्मिनल सैल होऊन किंवा गंजून त्या जोडणीत अवघा अर्धा ओहम रोध आला, तरी प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून येणारी उष्णता सुमारे २२ वॅट होते. एवढी उष्णता नखाएवढ्या पत्र्यात कोंडली की तो पत्रा आणखी गंजतो, रोध आणखी वाढतो आणि एक दिवस तार जळून सुटते. एलिमेंट आणि कंट्रोलर दोन्ही शाबूत असतात, तरी पेटी थंड राहते. बाहेरची दमट हवा आणि स्मोकरच्या भिंतीची उष्णता या दोन्ही गोष्टी हे काम लवकर घडवून आणतात. हिवाळाभर आच्छादनाखाली राहिलेल्या यंत्रात तर आच्छादनाच्या आतच ओल साठते.

टर्मिनले चांगली दिसली, तर दोन्ही तारा एलिमेंटवरून काढाव्यात आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवून दोन पात्यांमधला रोध मोजावा. हिशेब सोपा आहे : व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. १२० च्या वर्गाला, म्हणजे १४,४०० ला, ८०० ने भागले की १८ ओहम येतात. मीटरवर १७ ते १९ च्या दरम्यान आकडा आला, तर एलिमेंट ठीक आहे. १,२०० वॅटच्या मोठ्या स्मोकरमध्ये हाच आकडा १२ यायला हवा. मीटर काहीच दाखवत नसेल, म्हणजे मार्ग खुला असेल, तर एलिमेंटची आतली तार तुटली आहे आणि तो भाग बदलण्यावाचून उपाय नाही. तारा काढल्याशिवाय मोजू नये, कारण बाकीच्या मंडलातून (सर्किटमधून) भलतेच आकडे मिळू शकतात. मग मीटरचे एक टोक पात्याला आणि दुसरे पेटीच्या उघड्या धातूला लावावे. येथे मीटरवर कोणताही आकडा येता कामा नये, म्हणजे मार्ग खुला दिसला पाहिजे. आकडा आला, तर वीज पेटीच्या अंगात उतरते आहे आणि तो स्मोकर एलिमेंट बदलेपर्यंत लावायचा नाही.

एलिमेंट ठीक निघाले, तर अतितापापासून संरक्षण करणारा स्विच पाहावा. ही नाण्याएवढी गोल चकती मागच्या भिंतीला लागून बसवलेली असते आणि तिच्यावरही दोन टर्मिनले असतात. थंड असताना तिच्यातून मार्ग पूर्ण जोडलेला असला पाहिजे, म्हणजे मीटरवर जवळजवळ शून्य ओहम यावेत. काही चकत्यांच्या मध्यभागी बारीक बटण असते. चकतीने एकदा मार्ग तोडला, म्हणजे ती तुटली, की ते हाताने दाबल्याशिवाय ती पुन्हा जोडली जात नाही. बटण दाबून स्मोकर चालू झाला, तर समाधान मानून थांबू नये. ती चकती कशामुळे तुटली, हे शोधलेच पाहिजे : आत चरबी पेटली होती का, रिले चिकटून एलिमेंट सतत चालू राहिले होते का, प्रोब कमी तापमान सांगत होता का? काही जण ही चकती बाजूला ठेवून तारा थेट जोडतात. असे कधीही करू नये. चरबी आणि लाकडाच्या ढलप्या यांनी भरलेल्या पेटीत आगीपासून वाचवणारा हा शेवटचा अडसर आहे.

एवढे सगळे शाबूत असेल, तरच कंट्रोलरवर संशय घ्यावा. स्मोकर चालू करताना रिलेचा बारीक 'टिक' आवाज येतो. आवाजच येत नसेल, किंवा आवाज येऊनही वीज पुढे जात नसेल, तर कंट्रोलरचा रिले असलेला पॉवर बोर्ड बदलावा लागेल. जिवंत विजेवर टर्मिनलांमधले व्होल्ट मोजून याची खात्री करता येते. पण ज्याला त्या कामाची सवय नाही, त्याने ते इलेक्ट्रिशियनवर सोपवावे.

टर्मिनल जळालेले सापडले, तर दुरुस्ती अशी करावी. काळवंडलेली तार मागे कापत जावी, आतले तांबे स्वच्छ आणि चकचकीत दिसेपर्यंत. नवे टर्मिनल निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचे, उष्णता सोसणारे घ्यावे. वाहनांच्या दुकानात मिळणारे रंगीत प्लॅस्टिकचे टर्मिनल येथे वितळते. तार कमी पडली, तर तेवढ्याच जाडीची, काचतंतूचे आवरण असलेली आणि किमान २५० अंश सेल्सियस सोसणारी तार जोडावी. टर्मिनल योग्य क्रिंपिंग पक्कडीने दाबून बसवावे. डाग देऊ नये, म्हणजे सोल्डर करू नये, कारण नेहमीचा कथिल-शिशाचा डाग १९० अंश सेल्सियसच्या आसपासच वितळतो आणि जोडणी तापली की तो सुटतो. टर्मिनल पात्यावर जोर लावून बसले पाहिजे. सहज सरकत असेल, तर ते पुन्हा जळणार. एलिमेंटची पातीच खड्डे पडून खराब झाली असेल, तर नव्या टर्मिनलांसोबत नवे एलिमेंट घालणे शहाणपणाचे आहे. झाकण लावून स्मोकर रिकामा, २७५ अंश फॅरनहाइटवर, तासभर चालवावा. मग प्लग काढून, तो थंड झाल्यावर, झाकण उघडून जोडणीवर पुन्हा एकदा नजर टाकावी.

प्रश्न : न्यू जर्सीत पावसानंतर आमचा स्मोकर चालू केला की काही मिनिटांतच अंगणातला जीएफसीआय सॉकेट (विजेची गळती होताच वीज तोडणारा सॉकेट) तुटतो, म्हणजे वीज बंद करतो. गॅरेजमधल्या एका जुन्या साध्या सॉकेटवर मात्र तो व्यवस्थित तापतो. मग तेथूनच वायर आणून वापरला तर चालेल ना?

उत्तर : अजिबात चालणार नाही, आणि हे मी शक्य तितक्या स्पष्टपणे सांगू इच्छितो. जीएफसीआय सॉकेट जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहांची तुलना करतो आणि सुमारे ५ मिलिअँपिअर एवढा फरक पडला तरी वीज तोडतो. तो तुटतो आहे, याचा अर्थ आपल्या स्मोकरमधून काही वीज दुसऱ्याच वाटेने जमिनीकडे जाते आहे. साध्या सॉकेटवर ती गळती थांबत नाही. फक्त ती सांगणारा पहारेकरी तेथे नसतो. एखाद्या दिवशी अर्थिंगची तार सैल झाली, तर हीच वीज दाराची मूठ धरणाऱ्या माणसाच्या अंगातून जाईल. अमेरिकेच्या वीज संहितेने घराबाहेरच्या सॉकेटसाठी हे संरक्षण १९७० च्या दशकापासून आवश्यक धरले, ते याच कारणाने.

पावसानंतर हे घडते, यावरून ओल हे कारण असावे असे वाटते. एलिमेंटच्या बाहेरच्या नळीमध्ये तापणारी तार मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत बसवलेली असते. ही भुकटी उष्णता चांगली पुढे देते आणि कोरडी असताना वीज अडवते. पण ती हवेतली ओल शोषून घेते, आणि टोकांवरचे सील जुने झाले की यंत्र पडून असताना ओल आत शिरते. मल्टीमीटर केवळ काही व्होल्टांवर मोजत असल्यामुळे अशी गळती त्याच्यावर दिसेलच असे नाही. इलेक्ट्रिशियनकडचा इन्सुलेशन टेस्टर ५०० व्होल्टांवर मोजतो, त्याच्यावर ती लगेच कळते.

एलिमेंट सोडवून घरातल्या ओव्हनमध्ये २५० ते ३०० अंश फॅरनहाइटवर दोन-तीन तास ठेवल्यास ओल निघून जाते आणि अनेकदा गळती थांबते. त्याआधी ते पुसून चरबी पूर्ण काढावी आणि स्वयंपाकघरात हवा खेळती ठेवावी. वाळवल्यानंतरही सॉकेट तुटत असेल, तर एलिमेंट बदलावे. दोष एलिमेंटमध्येच आहे की नाही, हे ठरवण्याची आणखी एक रीत आहे : प्लग काढलेला असताना दोन्ही तारा एलिमेंटवरून काढून त्यांची टोके वेगवेगळी, उष्णता सोसणाऱ्या आवरणाने झाकावीत, मागचे झाकण लावावे आणि मगच प्लग लावून पाहावे. सॉकेट आता तुटला नाही, तर गळती एलिमेंटमध्ये आहे. तुटला, तर मुख्य वायर, ओली एक्स्टेन्शन कॉर्ड किंवा आतले वायरिंग तपासावे. पडून राहिलेल्या स्मोकरच्या पाठीत उंदीर घर करतात आणि तारांचे आवरण कुरतडतात, हेही पुष्कळदा आढळते. जीएफसीआय सॉकेट स्वतःच जुना होऊन उगाच तुटतो, अशी शंका असेल, तर दुसऱ्या जीएफसीआय सॉकेटवर स्मोकर लावून खात्री करावी. साधा सॉकेट मात्र या तपासणीसाठीही वापरू नये.

प्रश्न : टोरांटोत आम्ही बीफ ब्रिस्केट (गोमांसाच्या छातीचा मोठा तुकडा) ठेवले होते. मांसाचे तापमान १६० अंश फॅरनहाइटपर्यंत चढले आणि तेथेच तीन-चार तास अडून राहिले. स्मोकर तापायचा थांबला, असे समजून आम्ही तो बंद केला. एलिमेंट गेले असेल का?

उत्तर : बहुधा आपला स्मोकर अगदी निरोगी आहे. आपण मांसाचे तापमान सांगितले आहे, पेटीचे नाही. मोठा तुकडा साधारण १५० ते १७० अंशांच्या दरम्यान पोचला की त्याच्या पृष्ठभागावरून पाणी उडून जाताना जेवढी उष्णता खर्च होते, जवळजवळ तेवढीच पेटीतून आत येत असते. म्हणून आकडा तासन्‌तास हलत नाही. पृष्ठभाग कोरडा पडत गेला की तो पुन्हा चढतो. घाई असेल, तर मांस फॉइलमध्ये घट्ट गुंडाळावे, म्हणजे बाष्पीभवन थांबते. पेटीचे तापमान मात्र वेगळ्या थर्मामीटरने जाळीच्या उंचीवर मोजत राहावे; ते २२५ च्या आसपास टिकून असेल, तर दुरुस्तीची गरज नाही. कॅनडातल्या थंडीत आणि वाऱ्यात ८०० वॅटची पेटी ठरवलेल्या तापमानापर्यंत पोचायला झगडते, हे खरे आहे. तेव्हा ती वाऱ्याच्या आडोशाला ठेवावी आणि दार वारंवार उघडू नये.

एक गोष्ट दुरुस्तीहून महत्त्वाची आहे. स्मोकर खरोखरच मध्ये बंद पडला, तर ४० ते १४० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४ ते ६० अंश सेल्सियस, या पट्ट्यात मांस दोन तासांपेक्षा अधिक राहू देऊ नये. बाहेरची हवा ९० अंशांहून गरम असेल, तर एका तासापेक्षा अधिक नाही. वेळेत लक्षात आले, तर ते लगेच ओव्हनमध्ये ठेवून शिजवणे पूर्ण करावे. कोंबडी आतून १६५ अंशांपर्यंत पोचली पाहिजे. स्मोकर केव्हा बंद पडला, हे सांगता येत नसेल, तर ते मांस फेकून द्यावे. नासलेले मांस नंतर शिजवले तरी काही जिवाणूंची विषे उष्णतेने नाहीशी होत नाहीत.

प्रश्न : आम्ही अमेरिकेतून पुण्याला परत येताना ८०० वॅटचा स्मोकर सामानातून आणला आहे. अजून लावलेला नाही. प्लगला अडॅप्टर लावून सोळा अँपिअरच्या सॉकेटवर चालवता येईल का? हेअर ड्रायरसाठी घेतलेला एक छोटा कन्व्हर्टरही घरात आहे.

उत्तर : अडॅप्टर फक्त प्लगच्या पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. एलिमेंटचा रोध १८ ओहमच राहणार. त्याला १२० ऐवजी २३० व्होल्ट मिळाले की शक्ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि ८०० वॅटचे एलिमेंट सुमारे २,९०० वॅट खेचू लागते. येथे एक धोका लक्षात घ्यावा : त्या वेळी प्रवाह होतो जेमतेम १२.८ अँपिअर, म्हणजे सोळा अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच) तुटणारच नाही. कंट्रोलर बहुधा पहिल्याच क्षणी जळेल. तो जळताना रिले जोडलेला राहिला, तर एलिमेंट लालभडक होऊन आतली चरबी पेटू शकते. हेअर ड्रायरचा हलका कन्व्हर्टरही वापरू नये. त्यातले काही प्रकार विजेची लहर कापून शक्ती कमी करतात. साध्या तापणाऱ्या तारेला ते चालते, पण डिजिटल कंट्रोलरला ते बिघडवते, शिवाय ते तासन्‌तास चालवण्यासाठी केलेले नसतात.

योग्य उपाय म्हणजे २३० चे ११० किंवा १२० व्होल्ट करणारा, लोखंडी गाभ्याचा, सतत चालवण्यासाठी बनवलेला स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर. स्मोकर सहा-आठ तास चालतो, म्हणून ८०० वॅटसाठी १,५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा घ्यावा. हजार व्हीएचा ट्रान्स्फॉर्मर कागदावर पुरतो, पण तो सतत तापलेला राहतो. त्याची अर्थिंगची पिन इनपुटपासून आउटपुटपर्यंत जोडलेली आहे, याची मीटरवर खात्री करून घ्यावी, कारण स्वस्त ट्रान्स्फॉर्मरमध्ये ती अनेकदा नुसती शोभेची असते. भारतातली ५० हर्ट्‌झची वीज एलिमेंटला चालते. आउटपुट ११० व्होल्ट असेल, तर शक्ती सुमारे ६७० वॅट राहील आणि स्मोकर थोडा सावकाश तापेल, एवढाच फरक. ट्रान्स्फॉर्मर कोरड्या, हवेशीर जागी, स्मोकरपासून दूर ठेवावा.

दुसरा मार्ग म्हणजे स्मोकरच बदलून घेणे : त्याच आकाराचे २३० व्होल्टचे ८०० वॅट एलिमेंट आणि २३० व्होल्टवर चालणारा, तापमान स्थिर ठेवणारा पीआयडी कंट्रोलर बसवणे. ट्रान्स्फॉर्मरच्या वजनापेक्षा हा मार्ग सोयीचा वाटतो, पण त्यात अतितापाची चकती मंडलात जशीच्या तशी राहिली पाहिजे आणि तिच्यावर छापलेली व्होल्टची मर्यादा २५० असली पाहिजे. नसल्यास तीही बदलावी. हे काम अनुभवी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे, घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे याची खात्री करावी, आणि नव्या एलिमेंटचा रोध मीटरवर ६६ ओहमच्या जवळपास आल्याचे पाहूनच पहिल्यांदा प्लग लावावा.